पट्टी बघून

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कुणावर काढावी हेच तिला कळत नव्हतं.

बावीस वर्षं ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावर ऑपरेशनची अवजारं वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करत होती. प्रत्येक खेपेला डब्यांच्या मधोमध कापडाचं एक गाठोडं ठेवायचं, त्याच्या पोटात कागदाची पट्टी. वाफ आतपर्यंत पोचली की पट्टी काळी होते. गाठोडं सोडायचं, पट्टी बघायची, सही करायची. इतकं सरळ काम! पण नव्या मेट्रनबाईंनी रजिस्टरात छापून घेतलं: 'देवाला स्मरून सांगते, की खेप शुद्ध आहे.' सिस्टरचा देवावर विश्वास नव्हता. तिने ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'पट्टी बघून'. झालं! तिची सही बंद.

सही आता रात्रपाळीचे दादा करायचे. माणूस सज्जन, देवभोळा. सही करताना डोळे मिटायचे.

आज सकाळी दादा घरी गेल्यावर सिस्टरने पाहिलं, तर गाठोड्याची गाठ तशीच! सोडलं, तर पट्टी पांढरीफटक. डबे मात्र वर गेलेले. नऊला एका बाईचं पोट उघडणार होते.

तिने वर ऑपरेशन थिएटरला फोन केला. "तुमची सही चालत नाही, मेट्रनबाईंना विचारा." दादांचा फोन बंद. जिना चढताना तिला धाप लागली.

"ही बघा पट्टी! थांबवा ते ऑपरेशन."

मेट्रनबाईंनी पट्टी उलटसुलट केली. "ही त्याच खेपेची कशावरून?"

"मी सांगतेय ना!"

"दादांनी शपथेवर लिहिलंय. ते शपथ घेऊन खोटं बोलतील?"

"खोटं नाही हो बोलले ते. बघितलंच नाही त्यांनी!"

"आणि तुम्हाला कुणाची भीतीच नाही. तुमच्या शब्दावर मी डॉक्टरांना थांबवू? शपथेवर लिहून द्या, या क्षणी थांबवते."

अहो, काय बाई आहे ही! सिस्टरला वाटलं, ते रजिस्टर हिच्याच टाळक्यात हाणावं. भिंतीवरच्या घड्याळात नऊला सहा मिनिटं होती. ती पेशंट टेबलावर चढलीसुद्धा असेल.

सिस्टरने पेन ओढलं. 'देवाला स्मरून सांगते, की पट्टी पांढरी आहे.' खाली सही ठोकली.

मेट्रनबाईंनी तिथल्या तिथे फोन फिरवला. डबे परत खाली निघाले. फोन ठेवून त्या गोड हसल्या. "बघा, बसला ना विश्वास? उद्यापासून तुमची सही चालू."

सिस्टर जिना उतरली. खाली येऊन तिने डबे पुन्हा मशीनमध्ये रचले, नवी पट्टी घालून गाठोडं बांधलं. दार लावलं. बावीस वर्षांत त्या रजिस्टरात तिने पहिल्यांदाच दोन शब्द खोटे लिहिले होते, आणि तेवढेच त्यांना खरे वाटले होते.