आपलीच समजा

उस्ताद इरज काशफींना दोन दिवस घरी उतरवून घेण्यात अश्विन भोयरला काय मिळणार होतं, हे सक्करदऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या संगीत क्लासच्या पाटीवर एक ओळ वाढणार, 'सतारीनं पोट भरते का?' म्हणणारे सासरे गप्प बसणार, झालंच तर पलीकडच्या गल्लीतला क्लासवाला जळणार. खर्चाच्या बाजूला बायकोची, रितिकाची मेहनत. ती अश्विन कधी हिशेबात धरत नसे.

उस्ताद तेहरानचे. तरुणपणी पुण्यात शिकलेले, म्हणून हिंदी बरी. सोबत त्यांची सेतार, म्हणजे आपल्या सतारीची लहानखुरी इराणी बहीण; तुतीच्या लाकडाची, नखानं छेडायची. गुरूंनी ती हातात दिली तेव्हा उस्तादांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पॅरिस, टोकियो तिच्यावरच गाजलं. इराणात जाहीर मैफली बंद होत्या त्या वर्षांत लोकांच्या दिवाणखान्यांतही तीच वाजली.

आल्या संध्याकाळीच अश्विननं तिची तोंडभर तारीफ केली. उस्तादांनी छातीवर हात ठेवला.

"आप ही की है."

"अरे नहीं, उस्तादजी!"

"सच, आप ही की."

"ऐसा कैसे?"

"मेरी खुशी के लिए."

दोनदा नाही म्हणून झालं, आता पाहुण्याचं मन मोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. अश्विननं पाया पडून सेतार घेतली आणि फोटो स्टेटसवर टाकला. जेवणं होईपर्यंत रामटेकच्या मावशीचाही फोन येऊन गेला.

सकाळी उस्ताद गॅलरीत बसून नुसतंच गुडघ्यावर नख फिरवत होते. संध्याकाळी मैफल होती.

"ते रियाज काहून नाही करून राहिले?" रितिकानं विचारलं.

"थकले असतील."

"आज वाजवतील कशावर? तुमच्या स्टेटसवर?"

"त्यायनं खुशीनं देली वं मले!"

"तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याले म्हणता ना, घर आपलंच समजा? उद्या कोणी गादी घेऊन आला, त किल्ली द्याल? तशीच त्यायच्याकडची ते 'आप ही की' म्हणायची रीत."

अश्विनचा चेहरा उतरला. तो सेतार घेऊन गॅलरीत गेला. उस्तादांनी कानांना हात लावले. "दी हुई चीज़ वापस? तौबा!" पुन्हा आग्रह, पुन्हा तौबा. नजर मात्र सेतारीच्या खोळीवरून हलेना.

शेवटी रितिका चहा घेऊन आली. "उस्तादजी, सेतार हमारी, मंज़ूर. पर इसे संभालना इनको कहाँ आता है? आप ही अपने पास रखिए. और शाम को हमारी सेतार ज़रा बजा दीजिए."

उस्ताद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी दोन्ही हातांनी सेतार उराशी धरली.

मैफल रंगली. पहिल्या रांगेत सासरे मान डोलवत होते.

तर जमाखर्च असा. उस्तादांना सेतार मिळाली, अश्विनला पाटीवरची ओळ. रितिकाला तेहरानचं आमंत्रण. ते खरं की नुसती रीत, हे ती अजून ठरवते आहे. आणि किंमत भरली अश्विननंच. दर लग्नात मावशी भर पंगतीत विचारते, "ते सेतार कुठी ठेवली गा?" आणि त्याला म्हणावं लागतं, "रितिकाच्या डोक्यानं वापस गेली."