‘इतर’चा रकाना

ऑफिसात मला समोर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की गटारबाई. मला त्याचं काही वाटत नाही. राजधानीच्या सांडपाण्याचं काम मी एकोणीस वर्षं बघते आहे. ज्यांना गटाराची लाज वाटते त्यांनीच या शहराची वाट लावली, हे माझं मत आता या वयात बदलायचं नाही.

आमचा देश एवढासा. सकाळी चहा घेऊन निघालं तर जेवायच्या वेळेला पलीकडची सीमा लागते. अशा देशातल्या शहरांना आधी काय हवं आणि कर्जाचा पैसा कुठे घालायचा, हे ठरवायला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेने एक पथक धाडलं. मुदत तीन आठवडे. सचिवांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. मला गल्ली न् गल्ली ठाऊक आहे म्हणून, असं ते म्हणाले. खरं कारण असं की बाकी सगळ्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं.

पथकाचा प्रमुख उंच, कडक इस्त्रीचा माणूस. दर दोन वाक्यांमागे आपण सतरा देशांत काम केल्याचं सांगायचा. तिसऱ्या दिवशी शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे त्याला ‘सतरा’ म्हणू लागले. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होते, पण मनात पहिल्याच दिवशी अरे-तुरेवर आले होते. तेव्हा इथेही तसंच सांगते.

त्याच्या हाताखाली एक मुलगी होती. आमच्याच देशातली, पण शिकली सगळी बाहेर. आमची भाषा ती पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखी बोलायची. तिच्या पिशवीत रंगीत गोल टिकल्यांची पाकिटं असत. सभेला आलेल्या लोकांनी भिंतीवरच्या तक्त्यात आपल्याला हवं त्यापुढे टिकली चिकटवायची, अशी त्यांची पद्धत. मी तिचं नाव टिकलीवाली ठेवलं आणि चारचौघांत हाक मारतानाही तेच वापरलं. तिने कधी तक्रार केली नाही. त्यामुळे ती मला जास्तच बावळट वाटली.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना पंपघरात नेलं. नदीकाठी सखल भागात आमचं हे पंपघर आहे. तीन पंप. एक चालतो. दुसऱ्याचे भाग काढून काढून पहिला जगवलाय, आणि तिसऱ्यावर ऑपरेटर आपला डबा ठेवतो. चालता पंप थकला की मैला मागे सरतो आणि खालच्या वस्तीत, लोकांच्या घरांत, मोरीतून वर येतो. एवढं मी नीट सावकाश सांगितलं. सतरा दारातच उभा राहिला, नाकाला रुमाल लावून. मग त्याने पंपांकडे पाठ केली आणि नदीकडे बघत राहिला. एवढा सुंदर काठ वाया घालवलाय तुम्ही, म्हणाला. इथे फरसबंदी रस्ता केला, बाकं टाकली, दिवे लावले, तर संध्याकाळी सगळं शहर फिरायला येईल. टिकलीवाली तेवढी आत गेली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग घरोघरची पाहणी सुरू झाली. प्रश्नाच्या कागदावर पाच रकाने: नदीकाठचा रस्ता, बसथांबे, बाजाराची इमारत, बाग, रस्त्यावरचे दिवे. सहावा रकाना ‘इतर’, त्यापुढे बोटभर रिकामी ओळ. मी विचारलं, यात गटार कुठे आहे? सतरा समजूतदारपणे हसला. सांडपाणी हा वेगळा विषय आहे, त्याचं वेगळं पथक येतं, असं त्याने सांगितलं. कधी येतं ते त्याला माहीत नव्हतं.

खालच्या वस्तीत माझी आत्या राहते. वय सत्याहत्तर, एकटी, जीभ धारदार. तिच्या घराची पाळी आली तेव्हा मी मुद्दामच सोबत गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी. मोरीच्या भोकात चिंध्यांचा बोळा, त्यावर पाटा, पाट्यावर पाण्याने भरलेली घागर. टिकलीवालीने पाचही रकाने वाचून दाखवले आणि यातलं आधी काय हवं ते विचारलं.

आत्याने तिला कोपऱ्यात नेऊन ती घागर दाखवली. म्हणाली, “परवा हे सगळं उचलून शेजाऱ्यांची घाण वर आली. मी खाटेवर बसून भाकरी खाल्ली. आता तू मला विचारतेस, फिरायला कुठे जाणार?”

मुलीने मान खाली घातली आणि ‘इतर’वर खूण केली. सतरा बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होता.

तिसऱ्या आठवड्यात बेरीज लागली. अकराशे चाळीस घरांपैकी सहाशे त्रेसष्ट घरांनी ‘इतर’ म्हटलं होतं. निम्म्याहून जास्त. मला वाटलं, आता तरी याची झोप उडेल. सतराने आकडा पाहिला, पेन्सिलीने तो रकाना अलगद खोडला आणि राहिलेल्या घरांची टक्केवारी नव्याने काढायला सांगितलं. तशी काढल्यावर नदीकाठचा रस्ता पहिला आला.

मी विचारलं, हे काय केलंत? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मॅडम, ‘इतर’ ही काही गरज नसते. त्याला क्रमांक कसा देणार?”

सतरा देश हिंडून माणूस एवढंच शिकला होता. मी त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला आणि सगळे कागद मागून घेतले. दोन दिवस मी आणि टिकलीवाली मागच्या खोलीत लांब टेबलाशी बसलो. ‘इतर’चे कागद वाचायचे आणि ढीग लावायचे. मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. कुणी लिहिलं होतं, मोरी उलटते. कुणी, वास. कुणी, पोरं आजारी पडतात, पाणी बघा. एकाने नुसतीच शिवी लिहिली होती, तिचा वेगळा ढीग केला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब लागला: सहाशे त्रेसष्टपैकी पाचशे सत्त्याण्णव घरं एकच गोष्ट सांगत होती. टिकलीवालीने तो आकडा वहीत उतरवला आणि खाली दोन रेघा मारल्या. मग पेन्सिलीला टोक काढत बसली. मला वाटलं, हिच्या अंगात रक्त आहे की डिंक.

शेवटची सभा मंत्र्यांसमोर झाली. सतराने पडद्यावर नदीकाठची चित्रं दाखवली. चित्रातली माणसं फुगे घेऊन हसत होती. मी उभी राहिले. सचिवांनी खालून माझी बाही ओढली, तरी मी पाचशे सत्त्याण्णवचा आकडा वाचला, पंपांची अवस्था सांगितली, आत्याची खाटही सांगितली. मंत्री म्हणाले, नोंद घेतली. सतरा म्हणाला, स्थानिक अनुभवाचं मोल फार मोठं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे चहाला उठले. दहा मिनिटांनी माझं बोलणं त्या खोलीत कुणाला आठवतही नव्हतं. सचिवांनी जिन्यात गाठून विचारलं, निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची? मी म्हटलं, तुम्हाला पुरून उरेन इतकी.

पथक निघून गेलं. निरोपाच्या वेळी टिकलीवाली माझ्याकडे आली होती, पण मी फोनवर असल्याचं सोंग केलं.

चार महिन्यांनी अहवाल आला. जाडजूड, चकचकीत. सुरुवातीचा सारांश सतराने स्वतः लिहिला होता: राजधानीच्या लोकांची पहिली पसंती नदीकाठच्या रस्त्याला. मी तो तिथेच कपाटात फेकला. पुढे दीड महिन्याने बँकेकडून सचिवांना पत्र आलं आणि त्यांनी मला धावतपळत बोलावून घेतलं. बँकेतल्या कुणा तपासनिसाने विचारलं होतं: एक्केचाळिसाव्या पानावरच्या तक्त्यात सर्वांत वर ‘घरांत उलटणारं सांडपाणी’ आहे, पाचशे सत्त्याण्णव घरं. मग कामांच्या यादीत ते का नाही? याचा खुलासा होईपर्यंत रस्त्याचा पैसा मिळणार नाही.

मी कपाटातून अहवाल काढला. एक्केचाळिसाव्या पानावर तो तक्ता खरोखरच होता. ‘इतर’ उलगडून, एकेक ढीग आपापल्या जागी, शिवीचा ढीगसुद्धा ‘वर्गीकरण शक्य नाही’ म्हणून. तो त्या मुलीने घातला होता. सतराने आपलाच अहवाल छापायला जाण्याआधी वाचला नव्हता. स्वतः लिहिलेली चार पानं त्याने वाचली असतील, आणि तीही कौतुकाने.

पुढचं सगळं भराभर झालं. आधी पंप, मग रस्ता, असं बँकेने बजावलं. वर्षभरात तीन नवे पंप बसले. उद्घाटनाला सतरा आला. पुष्पगुच्छ घेतला आणि लोकांचं ऐकणं हाच आपल्या कामाचा पाया असल्याचं भाषण केलं. त्याला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. पण लाज वाटायला आपण काय केलं ते आठवावं लागतं, आणि तो खरोखरच विसरला होता. मी त्या मुलीबद्दल विचारलं. तिचं काम समाधानकारक नव्हतं, म्हणाला. करार पुढे वाढवला नाही. शिफारसपत्रही दिलं नव्हतं.

ती याच शहरात आहे, एका शिकवणीच्या वर्गात गणित शिकवते, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. मी तिला गाठायला गेले तेव्हा ती फळा पुसत होती. बाकावर बसून मी तिची माफी मागितली. नावं ठेवल्याची, फोनच्या सोंगाची, सगळ्याची. माफी मागायची सवय नसल्यामुळे ती फार लांबली. शेवटी मी म्हटलं, आमच्या खात्यात एक जागा आहे. पगार बेताचा, पण काम खरं आहे.

ती हसली. म्हणाली, “नको ताई. त्या दिवशी पंपघरातून आल्यावर मला दोनदा ओकारी झाली होती. रोज नाही जमणार मला.”

मग तो तक्ता कशासाठी घातलास, असं मी विचारलं. यापायी नोकरी जाईल हे तुला कळलं नव्हतं का?

“कळलं होतं,” ती म्हणाली. “पण मोजलं होतं ना आपण.”

मी आत्याचा पत्ता फळ्यावर लिहिला आणि तिला रविवारी जेवायला बोलावलं. ती आली, आणि आत्याने तिला स्वयंपाकघरातच, घागर-पाटा हटवलेल्या मोरीशेजारी पान वाढलं.