डाव्या डोळ्याचा नेम

"हलू नको गो."

"मी कुठं हलतेय? नळी हलतेय तुमची."

"कुठं जातेय?"

"माझ्या कानाकडं. आता फार खाली आली. जरा वर… अजून… हां! आता दिसला तुमचा डोळा. नळीच्या टोकाच्या माशीवर बरोब्बर बसलाय."

खट्. महिपतीनं चाप ओढला. राहीबाईनं डोळ्याला लावलेला भोकाचा पैसा खाली घेतला आणि पाणावलेला डोळा पदरानं पुसला.

लग्नाला तीस वर्षं झाली की बायकोवर बंदूक रोखावी असं पुष्कळ नवऱ्यांच्या मनात येऊन जात असेल. पण इथं बायको आपल्या पायांनी येऊन, पाट मांडून, भिंतीला टेकून नळीसमोर बसत होती. रोज सकाळी, चहा झाला की. महिपती उतेकर पलटणीतून नाईक म्हणून पेन्शनीत आला तेव्हा ही युक्ती डोक्यात घेऊनच आला होता. तिथं उस्ताद समोर आडवा पडायचा, भोकाची चकती डोळ्याला लावायचा आणि रंगरूट त्या भोकावर नेम धरायचा. रिकामी बंदूक, गोळीचा खर्च नाही, आणि पोराचा नेम कुठं ढळतो ते उस्तादाला आरशात पाहिल्यासारखं कळायचं. महाडात उस्ताद कुठून आणणार? मग राहीबाईच उस्ताद झाली. चकतीच्या जागी रेश्मा तान्ही असताना तिच्या करदोट्यात ओवलेला भोकाचा पैसा आला.

काडतुसांच्या पेटीची किल्ली राहीबाईच्या कमरेला. बंदुकीत घातलेली दोन काडतुसं फुटलेली, पोकळ. नुसत्याच चापानं आतली पिन तुटते म्हणून महिपतीनं त्यांच्या बुडात रेश्माच्या जुन्या खोडरबराचे तुकडे कोंबले होते. माणूस मोठा शिस्तीचा! बंदूक हातात घेतली की आधी उघडायची, राहीबाईला दाखवायची, मगच खांद्याला लावायची.

फक्त खांदा बदलला होता. उजव्याचा डावा झाला होता, आणि हीच सगळी गोम होती.

उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेली, ऑपरेशन करून काही परत येणार नाही. डावा तरी थेंब घालून सांभाळा. महिपतीनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि राहीबाईला बजावलं, "कुणाला बोलायचं नाय. रेश्माला पण नाय." दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा युनिफॉर्मला इस्त्री करून, आपली बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभा राहिला. एका डोळ्यानं काय, दार राखता येतं!

पण अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात बँकेचा कागद आला. पंचावन्न ओलांडलेल्या सगळ्या गनमननी अलिबागला पोलिसांच्या रेंजवर निशाणा मारून दाखवायचा. ज्याचा चुकेल त्याची नोकरी संपली. त्या नोकरीवर ही महाडातली खोली होती आणि पुण्यात रेश्माचं नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं. उमरठच्या बाजूला गावी घर होतं, पण जमीन भावांच्या ताब्यात गेली त्याला जमाना झाला होता. नोकरी गेली तर रेश्माला अर्ध्यावर घरी आणायची, यापलीकडे दुसरा रस्ता नव्हता. दोघं नवराबायको हे एकमेकांशी बोलले नाहीत. त्याची गरजच नव्हती.

"डाव्या खांद्यानं का मारतोस, असं तिथल्या साहेबांनी विचारलं तर?" राहीबाईनं एकदा विचारलं होतं.

"उजवा खांदा निखळलाय म्हणायचं. टार्गेट फुटलं की कोण कशाला विचारतंय!"

आणि बाप रे, सुरुवातीला काय हाल झाले त्या माणसाचे! छप्पन्न वर्षांचा गडी, आणि बाळबोध गिरवावा तसा पुन्हा पहिल्यापासून. डावा डोळा मिटायची सवय, तीच आता मोडायची. गाल नीट बसेना, बोट चापावर अडखळे, नळी झाडाच्या फांदीसारखी डुले. एकदा वैतागून त्यानं बंदूक कॉटवर टाकली आणि डोकं धरून बसला. "नाय जमत गो. मेलो आता." राहीबाईला आतून भडभडून आलं, पण ती फटकन म्हणाली, "मरायला वेळ हाय कुणाला? उचला ती. माझी भाकरी राहिलीय." त्यानं उचलली. श्रावण सरला, गणपती झाले, आणि नळी हळूहळू स्थिरावत गेली. आता राहीबाईनं पैशाच्या भोकातून पाहिलं की त्याचा डोळा दहातल्या नऊ वेळा माशीवर बसलेला असायचा. अलिबागचा दिवस पुढच्या सोमवारी होता.

घात झाला तो राहीबाईच्या डोळ्यामुळे. श्रावणापासून रोज तास तास पैसा दाबून धरल्यानं तिच्या डोळ्याखाली लालभडक वळ उठायचा, अर्धा गोल, ठसठशीत. खोलीची मालकीण हलिमा शेजारीच राहायची. नवरा गनी ट्रकच्या धंद्यातला, बाई मायाळू, राहीबाईच्या बाळंतपणात तिनंच रात्री जागवलेल्या. तिनं नळावर तो वळ पाहिला.

"डोळ्याखाली काय गो ता?"

"काय नाय. दाराची कडी लागली."

"परवाच्या दिशी पण कडीच लागली होती?"

राहीबाईनं कळशी उचलली आणि नजर चुकवून घरात शिरली. आता सांगा, याच्यावरून कुणी काय समजायचं? हलिमानं जगातल्या चार बायका पाहिल्या होत्या. दाराची कडी कुणाकुणाला आणि का लागते ते तिला ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी पावसानं उघडीप दिली म्हणून राहीबाईनं मागची खिडकी उघडी टाकली, आणि हलिमा गोधड्या वाळत घालायला मागच्या अंगणात आली. तिनं खिडकीतून पाहिलं. राही भिंतीला टेकून बसलेली, एक हात तोंडावर धरलेला, आणि तिच्या तोंडावर रोखलेली दुनळी. हलिमाच्या हातातली गोधडी चिखलात पडली. ती पळत नवऱ्याकडे गेली, गनीनं मोटारसायकलला किक मारून चौकी गाठली.

अर्ध्या तासात दोन हवालदार दारात. महिपती युनिफॉर्मचा पट्टा बांधत होता. हवालदारानं बंदूक उघडली आणि ओरडलाच, "भरलेली हाय!" बस्स, पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. महिपतीला दंडाला धरून भर बाजारपेठेतून नेला. ज्या दुकानदारांनी त्याला इतकी वर्षं रामराम घातला, ते दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. राहीबाई पायात चप्पल न घालता मागोमाग धावत गेली.

चौकीत फौजदारांनी बँकेच्या मॅनेजरनाही बोलावून घेतलं होतं. गनमन त्यांचा, त्यांना कळायला नको? मॅनेजर सज्जन, घामाघूम होऊन खुर्चीच्या कडेवर बसलेले. फौजदारांनी काडतूस काढून पाहिलं, पोकळ निघालं. बुडातला रबराचा तुकडा नखानं टोकरला.

"हा काय प्रकार आहे?"

"सराव साहेब," महिपती ताठ उभा राहून म्हणाला. "अलिबागला टेस्ट हाय. बिनगोळीची ड्राय करत होतो."

"सराव भिंतीवर करतात. बायकोच्या तोंडावर करतात का?"

"पलटणीत तशीच पद्धत हाय साहेब."

"पलटणीत बायका होत्या?" हवालदार हसला. फौजदार हसले नाहीत. "शेजारीण सांगते, तू बंदूक डाव्या खांद्याला लावली होतीस. मॅनेजरसाहेब, हा डावरा आहे?"

"नाही हो," मॅनेजर म्हणाले. "उजवाच आहे. मी रोज पाहतो."

"म्हणजे प्यायला होतास. उजवं-डावं कळत नव्हतं."

"मी दारूला शिवत नाय साहेब. उजवा खांदा निखळलाय."

फौजदारांनी हवालदाराला नुसती मान हलवली. त्यानं पुढं होऊन महिपतीच्या उजव्या खांद्यावर दणकन थाप मारली. महिपतीचा चेहरासुद्धा हलला नाही. पलटणीतला माणूस, कळवळण्याचं सोंग त्याला ऐनवेळी सुचलंच नाही.

"खोटारडा." फौजदारांनी राहीबाईकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ केला. "बाई, घाबरू नका. डोळ्याखाली हा मार कसला? हा मारतो तुम्हाला? तुम्ही फक्त हो म्हणा, पुढचं मी बघतो. आत टाकतो आणि लायसन रद्द करतो."

राहीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. महिपतीनं मान अगदी थोडी हलवली. नको. सांगू नको. आत टाकूदे, नाव जाऊदे, पण डोळ्याचं सांगू नको. केस उभी राहायला वर्ष लागेल, सोमवारच्या आधी जामीन मिळेल, टेस्ट देऊन येईन. तो काय मनात म्हणत होता ते तिला सगळं ऐकू आलं. आणि तिला हेही कळत होतं, की आता गप्प राहिलं तर उद्या अख्ख्या महाडात, परवा पोलादपूरकडं गावी आणि मग पुण्यात रेश्माच्या कानावर एकच जाणार. बायकोवर बंदूक रोखणारा महिपती. ज्यानं तीस वर्षांत तिला रागाच्या शब्दापलीकडे दुखवलं नाही, त्याला हे नाव मरेपर्यंत चिकटणार. आणि असल्या माणसाला बंदूक पुन्हा कोण देतंय? तो वेडा आशा धरून होता. ती धरू शकली नाही.

"साहेब," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाय. हा वळ पैशाचा हाय. हा बघा." तिनं कमरेचा पैसा काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यातून मी बघते आणि ह्यांचा नेम सांगते. डावा खांदा एवढ्यासाठी, की ह्यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाय. काचबिंदू झालाय. डावा शिकवत होतो आमी."

महिपतीनं डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी पैसा उचलला, डोळ्याला लावला, आणि परत खाली ठेवला. "सोडा यांना," ते हवालदाराला म्हणाले. मग जरा थांबून, "बंदूक मात्र इथं जमा राहील. माझा इलाज नाही."

मॅनेजर चष्मा पुसत होते. "महिपतराव, आधी बोलला असता तर…"

"तर काय केलं असतं साहेब?"

चष्मा पुसून झाला तरी मॅनेजर पुसतच राहिले. "सोमवारी… सोमवारी तुम्ही अलिबागला जाऊ नका," शेवटी म्हणाले. "मी वर कळवतो. जे काही देणं निघेल ते बघतो मी."

महिपतीनं मान डोलावली. मग हवालदाराच्या हातातल्या बंदुकीला त्यानं एकदाच हात लावला, लाकडी कुंद्यावरून तळवा फिरवला. "आठवड्याला तेल देत जा," तो म्हणाला. "सावित्री नदीकाठची हवा दमट, पडून राहिली की गंज धरते." हवालदार आता हसला नाही. "देईन काका," म्हणाला.

बाहेर हलिमा फाटकाशी उभी होती, रडून डोळे सुजलेले. "राही, माझा चुकला गो. मला वाटला तो तुला…"

"तू माझ्यासाठीच केलंस," राहीबाई म्हणाली. तिला हलिमावर रागवायचं होतं, पण तेवढं बळच अंगात नव्हतं. "जा घरी. आमी येतो."

महिपती चौकीच्या पायऱ्यांवर थांबला होता. राहीबाई खाली उतरून वाट पाहत राहिली. एरवी हा माणूस तरातरा पुढं जायचा आणि तिला मागून पळत यावं लागायचं. तिला वाटलं, रागावला. ती काहीतरी बोलणार, तोच त्यानं हात पुढं केला. कुणाकडे तरी मागावा तसा, हवेत.

"राहे, हात दे. पायरी कुठं संपते ते कळत नाय."

"काय?" ती दोन पायऱ्या चढून वर आली. "डाव्यानं दिसतंय की तुमाला!"

"समोरचं दिसतं. खालचं नाय दिसत, बाजूचं नाय. गणपतीपासून."

राहीबाईनं त्याच्या डाव्या डोळ्यात निरखून पाहिलं. "थेंब घालताय ना?"

"घालतोय गो. तरी चाललाच."

"आणि असल्या डोळ्यानं तुमी अलिबागला जाणार होता? मला एका शब्दानं नाय बोललात!"

"टार्गेट समोर असतं," महिपती म्हणाला. "ते फुटलं असतं. तुझी शप्पथ, नक्की फुटलं असतं."

तिला माहीत होतं, फुटलं असतं. तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तिनं त्याचा हात घट्ट धरला, नवऱ्याचा हात भर दिवसा, भर रस्त्यात, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाली, "टाका पाय. हां. अजून खाली हाय."

महिपतीनं पाय टाकला. समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं अजून उभीच होती. त्यांच्यामधून राहीबाई पुढं आणि तो मागं, असे ते बाजारपेठेतून घराकडे चालत गेले.