मंगरूच्या डोंग्यातली परीक्षा

नवेगाव बांधाच्या तलावाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पायवाट पोचत नाही, तिथे हिवाळ्यात हजारो परदेशी बदकं उतरतात, असं ऐकता ऐकता माझी चाळिशी उलटली. माझं किराणा दुकान बांधापासून हाकेच्या अंतरावर, पण ते टोक काही मी पाहिलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात मात्र ठरवलं, दोन दिवस डोंग्यातून फिरायचं आणि बदकं बघायचीच. या वर्षी राहिलं असतं तर कायमचंच राहिलं असतं.

बेत दुकानाच्या ओट्यावर शिजला. घनश्याम माझा शाळासोबती, धानाचा शेतकरी. त्याने लग्नाची पंगत उठवायची असल्यासारखी यादी केली.

"दोन दिवसाले पाच पायल्या तांदूळ कायले बे?" मी विचारलं.

"पाण्यावर भूक जास्त लागते, केवळराम."

डोंगा मासे धरणाऱ्या मंगरू ढीवराचा, एकाच खोडातून कोरलेली अरुंद नाव. यादी ऐकून तो हसला. "सामानाचं मंग पाहू. आधी माणसं पाहू द्या." त्याची ती रीतच होती. लांब न्यायच्या माणसाला तो आधी काठालगतच्या उथळ पाण्यात डोंग्यात बसवून बघायचा. "सेठ, पोहता येते ना?"

इथेच माझी पंचाईत. तरुणपणी कारध्याजवळ वैनगंगा पोहून पार केल्याची गोष्ट मी गावाला इतक्यांदा सांगितली होती की मलाही ती खरी वाटू लागली होती. प्रत्यक्षात मला हातपाय मारतासुद्धा येत नव्हते. पण कबूल केलं तर हा नेणार नाही, म्हणून छाती फुगवून म्हणालो, "म्हणजे काय!"

सकाळी काठावर निम्मा बाजार जमला. मागे मंगरू, मध्ये मी, पुढे घनश्याम. मी दोन्ही कडा घट्ट धरून बसलो, श्वाससुद्धा जपून घेत होतो. घनश्याम पट्टीचा पोहणारा. कधी वाकून मासे बघ, कधी वळून मला काही सांग. शेवटी बायकोला हात करायला पठ्ठ्या उभाच राहिला आणि डोंगा कलंडला.

"मेलो रे! मले पोहता येत नाही!" मी बोंबललो.

मंगरूने दंडाला धरून मला उभं केलं. पाणी छातीपर्यंतच होतं. काठावर हशा उसळला. लाज वाटली ती वाटलीच, पण आता बदकं दिसणार नाहीत याचंच रडू आलं. तोंड आधीच ओलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

मंगरू डोंगा सरळ करत घनश्यामला म्हणाला, "भाऊ, तुमी इथंच राहा. पोहता येते म्हणून तुमी हालून राहिले. आमचा डोंगा हालणाऱ्यानं बुडते." मग माझ्याकडे वळला. "सेठ, तुमी चला. भेणारा माणूस गुपचूप बसते."

"अन् बुडालो त?"

मंगरूची बायको सखाबाई घरून दोन वाळलेले भोपळे घेऊन आली. "पोरायले पोहणं शिकवताना कमरेले बांधतो ना, तेच बांधून देतो," ती म्हणाली.

पुन्हा हशा. चाळिशी उलटलेला सेठ आणि कमरेला भोपळे! उद्यापासून मीठ घ्यायला येणारं पोरगंही मला भोपळेसेठ म्हणणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी एकदा काठाकडे पाहिलं, एकदा त्या दूरच्या टोकाकडे. मग दोन्ही हात वर केले.

"लाव, सखाबाई. अन् गाठ पक्की मार."