जलशाची रांगोळी

मागं सरकता सरकता सुमंगलेची टाच भिंतीला टेकली, तेव्हा कुठं तिला कळलं की आपण अडकलो. जन्मभर तिनं उंबऱ्यापासून सुरुवात करून मागं सरकत सरकत अंगण भरलं होतं. अंगणात मागं जागा असतेच. कचेरीच्या या दालनात मात्र मागं भिंत होती, खिडक्यांना गज होते आणि एकुलत्या एका दारापर्यंतची सगळी जमीन रंगांनी भरून गेली होती. मधोमध सरकारी दस्तार, निजामाच्या राजचिन्हातली पगडी; तिच्याच हातची, आणि मेली उतरलीही होती देखणी.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. रांगोळीचं पीठ कपाळाला लागलं.

हौसेनं थोडीच आली होती ती! निजाम सरकारच्या सालगिरहचा, म्हणजे वाढदिवसाचा, जलसा होता, संध्याकाळी तालुकदारसाहेब यायचे होते. तिचा धाकटा भाऊ बापू महिनाभर याच कचेरीच्या कोठडीत होता, छपरावर तिरंगा लावला म्हणून. पेशकारांनी तिच्या नवऱ्याला, कारकून अनंतरावांना, सांगितलं होतं: बाईंनी रांगोळी काढावी, मग भावाला घटकाभर भेटावं. आजच त्याला चुडाव्याच्या स्टेशनावर नेऊन आगगाडीत बसवणार होते. कुठल्या तुरुंगात नेणार, ते कुणी सांगत नव्हतं.

व्हरांड्यात साखळी वाजली. दोन जवानांच्या मधे बापू दारासमोर आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"आक्का, लय झाक काढलीस की," तो म्हणाला आणि हसला.

तिला रडूच कोसळलं.

"बाई, या लवकर. गाडीची वेळ झाली," जवान म्हणाला.

"कुठून येऊ, बाबा?"

पेशकार दारात आले. त्यांनी आधी रांगोळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"एक पाऊल टाकायचं न्हाई. साहेब निघालेत. जलसा होईस्तोवर तिथंच उभ्या राहा. भेट झाली समजा."

"अहो, तुमी तरी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

अनंतराव पेशकारांच्या मागं उभे होते. बारा वर्षांच्या नोकरीत 'जी हुजूर'पलीकडं त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बापूला धरून आणला त्या दिवशीही ते खाली मान घालून कागद लिहीत बसले होते. तेव्हापासून ती त्यांना ताट वाढायची, बोलायची मात्र कामापुरतं. आताही त्यांची मान खालीच गेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अनंतराव वाकून जोडे काढत होते.

पेशकार "अरे, अरे" म्हणेपर्यंत ते आत शिरलेसुद्धा. वेलबुट्टीतून, दस्तारीवरून, सरळ चालत तिच्यापुढं येऊन थांबले.

"माझ्या ठशांवरच पाय ठेवून जा," ते हळूच म्हणाले. "तुझा ठसा उमटायला नको."

त्यांच्या मोठ्या पावलांत आपली पावलं जपून ठेवत ती दारापर्यंत गेली. बापूचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. पेशकार ओरडायला लागले.

तिनं वळून पाहिलं. अनंतराव भिंतीपाशी, तिच्या जागेवर उभे होते.

"अहो, तुमीही या ना आता."

"तू बोल त्याच्याशी," ते म्हणाले. "मी आहे इथं."