वाक्य पूर्ण होईपर्यंत

मित्रांनो, मी अभ्यासाचं टेबल आहे, आणि सागवानी आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण माझ्यावर फासलेला तपकिरी रंग बघून लोक मला प्लायवूड समजतात आणि खुशाल गरम कुकर आणून ठेवतात. नागोराव सुतारांनी मला एका जुन्या दारापासून घडवलं. दार होतो तेव्हा माणसांना आत-बाहेर सोडायचं काम होतं. टेबल झाल्यावर त्यांना एका जागी बसवून ठेवायचं काम आलं. दोन्ही कामं मी नीट केली.

मला करून घेतलं सदाशिव पेठेतल्या रावसाहेबांनी. त्यांची अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षेसाठी गावोगावहून पुण्यात आलेली मुलं महिन्याचं भाडं भरतात आणि टेबल, खुर्ची, पंखा आणि शांतता मिळवतात, ती जागा म्हणजे अभ्यासिका. शेजाऱ्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून माझ्या तिन्ही बाजूंना उंच फळ्या ठोकल्या होत्या. समोरच्या फळीवर एका मुलाने कर्कटकाने 'उपजिल्हाधिकारी' असं कोरलं. पुढच्या वर्षी त्यानेच ते खोडून 'तहसीलदार' केलं. त्याच्या पुढच्या वर्षी खाली नुसतं 'बघू' असं लिहिलं आणि तो गावी निघून गेला. मला त्याची अजून आठवण येते.

रावसाहेबांची शिस्त मोठी कडक होती. कुणी लागोपाठ शिंकलं, तर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "आपण औषध घ्या, नाहीतर रजा घ्या. इतरांनीही पैसे भरलेत." मला हे फार पटायचं. चांगला अभ्यास म्हणजे आवाज न करता केलेला अभ्यास, हे माझ्या लाकडात अगदी मुरलं होतं.

पुढे रावसाहेब थकले, अभ्यासिका बंद झाली आणि तिथे कपड्यांचं दुकान आलं. दुकानात टेबलाला कोण विचारतो? मला जिन्याखाली ढकललं. रंगाचे डबे, फुटकी बादली, गणपतीतल्या माळांचं खोकं, असा संसार माझ्यावर साठत गेला. कुणी वाईट वागत नव्हतं, पण कुणी बघतही नव्हतं. वापरात नसणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

तिथून मला नम्रताने बाहेर काढलं. ती मूळची वाशीमची. नवरा अभिनव चाकणच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो, आणि मुलगी पायल तेव्हा आठ वर्षांची होती. दुकानाच्या मागच्याच इमारतीत त्यांचं भाड्याचं घर आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर. नम्रताने माझ्यावरचे डबे उतरवले, तिन्ही फळ्यांवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाली, "हेच हवंय मला." मित्रांनो, इतक्या वर्षांनी हे ऐकून मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

मी समजलो, आता पुन्हा अभ्यास. तो होताच, पण भलताच.

पायलला दमा होता. शाळेत धूळ, वर्गाच्या खिडकीवर कबुतरं. दुसरी-तिसरीत ती वर्गात कमी आणि दवाखान्यात जास्त होती. आजारपणात घरी शिकवता शिकवता नम्रताच्या लक्षात आलं की मुलगी घरी भराभर शिकते आहे आणि हसतेही आहे. मग तिने आणि अभिनवने ठरवलं, काही वर्षं घरीच शिकवायचं. पाचवीची परीक्षा पुढे मुक्त विद्यालयातून देता येईल. ठरवलं खरं, पण नम्रताला रोज धाकधूक असायची. आपण हिचं नुकसान तर करत नाही ना, हिला मैत्रिणी मिळतील का, आपल्याला न येणारा विषय आला तर काय. हे सगळं ती माझ्यावर कोपर टेकून, कपाळ धरून स्वतःशी बोलायची.

आणि अभ्यास तरी कसा! पायल पलंगावर उलटी पडून भूगोल वाचायची. अपूर्णांक पोळीवर शिकायची आणि मग ते खाऊन टाकायची. रविवारी मार्केट यार्डात जाऊन आली की कांद्याचे घाऊक भाव आणि आपल्या गल्लीतले भाव यांतला फरक मोठ्याने ओरडत मांडायची. खुर्चीत बसणं जवळजवळ नाहीच. ती माझ्या खाली बसायची, पायाला पाठ टेकून. मी मनातून नाराज असायचो.

वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई माझ्याच मताच्या होत्या. निवृत्त शिक्षिका. त्या जिना उतरताना दारात थांबत आणि विचारत, "काय, आज शाळा भरली का तुमची?" एकदा त्यांनी पायलला उभं करून विचारलं, "सतरा सत्ते किती?"

पायल म्हणाली, "दहा सत्ते सत्तर, सात सत्ते एकोणपन्नास, एकशे एकोणीस."

"म्हणजे पाठ नाही."

"पाठ नाही, पण येतं."

विमलाबाई जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र गुळपापडीची वडी देऊन गेल्या. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

आता नम्रताला माझ्या तीन फळ्या कशासाठी हव्या होत्या, ते सांगतो. तिचा आवाज फार सुरेख. एका कंपनीचं मुलांसाठी अभ्यासाचं अॅप होतं. त्यात शाळेचे धडे ऐकता येतात. ते धडे नम्रता वाचायची. स्वतःच्या मुलीला शाळेतून काढणाऱ्या बाईच्या आवाजात इतरांची मुलं शाळेचे धडे गिरवायची. ती माझ्या फळ्यांवर गोधड्या टाकायची, मध्ये माइक ठेवायची आणि कानांवर हेडफोन चढवून बसायची. वेळ दुपारी एक ते चार. त्या वेळात आमच्या इमारतीत साधी बेलसुद्धा कुणी वाजवत नाही.

या कामाचे पैसे मिळायचे ते तयार मिनिटांचे. म्हणजे असं, की तासभर घाम गाळून वाचावं, त्यात हॉर्न, कबुतर, भांडं, असं काही ना काही यावं, ते वाक्य पुन्हा वाचावं, आणि शेवटी दहाएक मिनिटांचा चांगला आवाज निघावा. पैसे त्या दहा मिनिटांचे. बाकीचा तास कुणाच्याच हिशेबात नाही. घरातला आवाज हा नम्रताचा दोष, आणि तो निस्तरणं तिच्या पदरचं.

हे पायलला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण ती हुशार होती. आई चौथ्यांदा तेच वाक्य वाचते आहे, तिचा चेहरा उतरला आहे, हे तिला दिसायचं. म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की ती माझ्याखाली उशी घेऊन बसायची आणि पुस्तक वाचायची. पान उलटतानाही आवाज नाही. खोकला आला की तोंड उशीत खुपसायची, श्वास धरायची, घोट घोट पाणी प्यायची. तिची पाठ माझ्या पायाला टेकलेली असायची, त्यामुळे आतली उबळ मला कळायची. बाहेर काही नाही. मी खूश होतो. म्हटलं, रावसाहेब असते तर या मुलीचं भाडं माफ केलं असतं.

मग तो दिवस आला. कंपनीत नम्रताचं काम बघणारा विश्वजीत म्हणून होता. त्याचा सकाळी फोन आला की महाराष्ट्रातल्या नद्यांचा पूर्ण धडा संध्याकाळपर्यंत हवाच. पायलची छाती सकाळपासून जरा भरलेली होती. नम्रताने तिला दम्याचा पंप दिला, कपाळाला हात लावून बघितला, "काही वाटलं तर सांग हं," असं बजावलं आणि ती वाचायला बसली.

गोदावरी झाली, भीमा झाली. कृष्णेपाशी नम्रता थांबली. हेडफोनमध्ये तिला काहीतरी ऐकू येत होतं, बारीक शिट्टीसारखं. तिने पंखा बंद केला आणि वाक्य पुन्हा वाचलं. शिट्टी होतीच. "आता कुणाच्या कुकरला मुहूर्त मिळाला," असं पुटपुटत तिने खिडकी लावली आणि पुन्हा वाचलं. मला ती शिट्टी कुठली आहे, ते माहीत होतं. पायलची पाठ माझ्या पायावर आपटत होती. मित्रांनो, त्या वेळी मला आवाज असता तर मी माझ्या चारही पायांनी ओरडलो असतो. लाकडाला ते जमत नाही.

नम्रताने हेडफोन काढला. शिट्टी तरीही येत होती. आणि मग ती खाली वाकली.

पायलने दोन्ही हातांनी उशी तोंडावर धरली होती. उशी काढली तर ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. नम्रताने तिला ओढून बाहेर घेतलं, स्पेसरची नळी लावून पंप दिला, पुन्हा दिला. दार उघडून ती इतक्या जोरात ओरडली, की पाठ टेकलेली सगळी इमारत उठून बसली. पहिल्या खाली आल्या विमलाबाई, अनवाणी. त्यांनी रिक्षा बोलावली. नम्रता पायलला उचलून जिना उतरली. मी एकटा राहिलो. माइक चालूच होता. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली शांतता मला पहिल्यांदा नकोशी झाली.

ती रात्र पायल दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. चेहरा एवढासा झालेला, पण श्वास सरळ चालत होता. नम्रता तिला मांडीवर घेऊन माझ्यापाशीच बसली आणि म्हणाली, "बाळा, मी तुझ्या डोक्यावर होते. हाक का नाही मारलीस?"

पायल म्हणाली, "तुझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं."

नम्रता रडली. आवाज न करता नाही, चांगली हुंदके देऊन रडली. अभिनव दारात उभा होता. तोही डोळे पुसत होता.

पुढचे चार दिवस ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. गावाकडून फोन आले, की हे शाळा-बिळा घरात भरवण्याचं खूळ सोडा. अभिनवही हळूच म्हणाला, "तू ते वाचनाचं काम सोडतेस का? ओढाताण होईल, पण बघू काहीतरी." नम्रता म्हणाली, "औषधं, पुस्तकं, परीक्षेची फी, कशात ओढाताण करू? आणि अहो, मला ते काम आवडतं. मला येतं ते." विमलाबाई तिथेच होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "शाळेतसुद्धा आम्ही मुलांना गप्पच बसवायचो. जागा बदलून काय होणार आहे?"

नम्रताने त्यावर बराच विचार केला. मग माझ्यावर फोन ठेवून, स्पीकर लावून तिने विश्वजीतला फोन केला. म्हणाली, "यापुढे मला तयार मिनिटांचे नको, बसलेल्या तासांचे पैसे द्या. मुलीला खोकला आला तर मी थांबणार. तो वेळही कामातच धरायचा."

"मॅडम, पॉलिसी तशी नाहीये ना," विश्वजीत म्हणाला. "आणि तुम्ही तर घरूनच करता. मुलीचं स्कूलिंगपण घरीच. सगळं अॅडजस्ट होतं की."

"घरी आहे म्हणून माझा तास दहा मिनिटांचा होत नाही. आणि अॅडजस्ट माझी मुलगी करत होती, दम कोंडून. तेवढं तुमच्या पॉलिसीत लिहून घ्या."

मग तो "वर बोलून सांगतो" म्हणाला.

त्याने लवकर काही सांगितलं नाही. गोधड्या पलंगावर गेल्या आणि माझ्यावर पुन्हा कुकर येऊ लागला. त्या दिवसांत नम्रताने अॅपसाठी वाचणाऱ्या इतर बायकांना फोन केले. सगळ्याच घरून वाचणाऱ्या. कुणाचं तान्हं बाळ, कुणाची आजारी सासू. एक म्हणाली, मी बाळाला झोपेचं औषध द्यायच्या बेतात होते गं, मग स्वतःचीच भीती वाटली. त्या सगळ्यांनी मिळून तीच मागणी कळवली आणि वाचन थांबवलं. महिन्याच्या अखेरीला विश्वजीतचा फोन आला. ताशी पैसे द्यायचं ठरलं होतं. मागितले होते तितके नाहीत. नम्रताने "सध्या ठीक" एवढंच म्हटलं.

परवा, अडून राहिलेल्या नद्यांच्या धड्यासाठी, पुन्हा माझ्या फळ्यांवर गोधड्या चढल्या. पायल खाली येऊन बसली. कृष्णा नदी अर्ध्यावर आली आणि माझ्या पायाला ती ओळखीची थरथर लागली. पायलने श्वास धरला होता. सवय अशी एका महिन्यात जात नाही. मी वाट बघत राहिलो.

वाक्य अर्धंच होतं. नम्रता थांबली, हेडफोन काढला आणि खाली वाकून म्हणाली, "खोक."

"तुझं रेकॉर्डिंग..."

"कृष्णा कुठे जात नाही. खोक तू."

पायल खोकली. घसा खरवडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अगदी पोटभर खोकली. नम्रताने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पंप दिला, श्वास मोजून पाहिला. मग सावकाश वर येऊन तिने तेच वाक्य पहिल्यापासून वाचलं. ती खरखर, तो खोकला, सगळं माझ्या लाकडातून गेलं, आणि खरं सांगतो, अभ्यासिकेतल्या इतक्या वर्षांत मी इतका चांगला आवाज ऐकला नव्हता.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगितली की शेवटी 'आमची निगा राखा' अशी विनंती करायची असते. माझं ओल्या फडक्यावर भागतं. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी फार शहाण्यासारखं गप्प बसलेलं असेल, तर त्याचं कौतुक नंतर करा. आधी हातातलं वाक्य अर्धं सोडा आणि एकदा खाली वाकून बघा.