तोच मासा

वानांग्वाला वाईट बातमी सांगताच येत नसे, आणि त्याच्या ह्या स्वभावावर सरोवरकाठच्या त्या वस्तीत सगळे पोट धरधरून हसत. त्याच्या आईची लाडकी शेळी एका पहाटे मरून पडली, तेव्हा म्हातारी उठायच्या आत त्यानं पलीकडच्या गावाहून अगदी तशीच, कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी आणून त्याच खुंटाला बांधली होती, आणि म्हातारी मरेपर्यंत आपल्या शेळीच्या दीर्घायुष्याचं कौतुक सांगत राहिली. लुसुंगू लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा सगळ्यांत आधी तिला ही गोष्ट ऐकायला मिळाली. इतक्या मऊ काळजाचा नवरा मिळाला म्हणून ती मनोमन सुखावली होती.

वानांग्वा पाणबुड्या होता. सरोवराच्या तळाशी खडकांच्या कपारींत राहणारे रंगीत म्बुना मासे धरायचे आणि परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे पोचते करायचे, हे त्याचं काम. त्यातला एक निळा, काळ्या पट्ट्यांचा, पोटाखालच्या परावर दोन पिवळे ठिपके असलेला मासा त्यानं लेकीसाठी, टेम्वासाठी, घरी आणला होता आणि व्यापाऱ्यानं टाकून दिलेल्या काचेच्या पेटीत तो मजेत राहत होता. पावसाळ्यात टेम्वा तापातून उठली, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या पेटीतला दगड घसरला आणि माशाची शेपटी त्याखाली चिरडली.

टेम्वानं जेवण सोडलं. मग लुसुंगूनं माशाला पत्र्याच्या परातीत काढलं, पाण्यात चिमूटभर मीठ घातलं, रोज सकाळी सरोवराचं ताजं पाणी डोक्यावरून आणून निम्मं बदललं आणि वाळक्या उसिपा मासळीचा चुरा बोटानं त्याच्या तोंडाशी सोडला. तरी जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली आणि मासा कुशीवर पडून नुसते कल्ले हलवू लागला. शेजारची म्हातारी न्याम्होने डोकावून गेली.

"न्याचिर्वा," ती लुसुंगूला माहेरच्या आडनावानं हाक मारत असे, "अगं, मासा लोक तेलात घालतात, तू मिठाच्या पाण्यात घालून त्याचे पाय चेपतेस!"

"पोरीचा जीव आहे त्याच्यावर, आजी."

"पोर वाचली ना? मग मासा गेला तर जाऊ दे."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लुसुंगूनं परातीवरचं कापड उचललं आणि ती बघतच राहिली. बुरशी नव्हती. शेपटी धड होती, कडेला जराशी विरलेली, एवढंच; दोन पिवळे ठिपकेही जिथल्या तिथं होते. मासा मात्र डोकं खाली आणि शेपूट वर करून तरंगत होता, पोट टम्म फुगलेलं, आणि खाली जायची धडपड करूनही त्याला खाली जाता येत नव्हतं.

हे दुखणं तिला चांगलं ठाऊक होतं. पाणबुड्याच्या बायकोला ते कोणी शिकवावं लागत नाही. खोलातला मासा एकदम वर आणला की त्याचं पोट असं फुगतं, म्हणून तर ही माणसं मासे पिंपात घालून, दोर रोज थोडाथोडा ओढत, दिवसांमागून दिवस घालवून वर आणतात. ज्याला घाई झाली त्याचे मासे असे उलटे लटकतात. पण वीतभर पाण्याच्या परातीत निजलेल्या माशाला हे दुखणं कुठून लागणार?

वानांग्वा दारात जाळं विणत बसला होता. त्याचे केस ओले होते.

"अहो, हा मासा कुठला?"

"कुठला म्हणजे? तोच आहे."

"पोट बघा त्याचं."

"तू खायला फार घालतेस," तो म्हणाला, आणि वर न बघता हसला.

शेळीची गोष्ट निघाली की तो नेमका असाच हसत असे. लुसुंगूलाही हसू आलं. पोरीनं रडू नये म्हणून अंधारात बुडी मारून आला असेल बिचारा, असं म्हणत ती चुलीपाशी वळली, आणि पाण्यात पीठ सोडता सोडता तिचा हात थांबला.

पावसाळ्यातल्या त्या तापात ती स्वतःही अंथरुणाला खिळलेली होती. टेम्वाचे डोळे फिरले तेव्हा वानांग्वा एकटाच तिला पाठीशी बांधून डोंगरावरच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला होता, आणि कितीतरी दिवसांनी पोरीला घेऊन परतला होता. डोक्याचं मुंडण झालेलं, हातापायांच्या काड्या, पोट फुगलेलं. तापानं प्लीहा वाढते, असं सगळे म्हणाले. पोर दोन्ही कान दाबून बसे, कान दुखतात म्हणे. तापावरच्या कोयनेलच्या औषधानं कान वाजतात, असंही सगळे म्हणाले. पूर्वी भेंडीला तोंड न लावणारी टेम्वा मुकाट्यानं भेंडी खाऊ लागली, तेव्हा तापानं तोंडाची चव बदलते, असं लुसुंगूच सगळ्यांना सांगत फिरली होती.

आपण काय विचार करतोय ह्याची तिला लाज वाटली आणि भीतीही वाटली. नवऱ्याला विचारावं म्हणून ती दारापर्यंत गेली आणि तशीच परतली. विचारणार काय? आणि तो "तीच आहे" म्हणाला, तर?

तिनं टेम्वाला आंघोळीला बसवलं. टेम्वा तान्ही असताना सासूनं तिच्या छातीवर वस्तऱ्यानं दोन बारीक चिरा देऊन त्यांत औषधी राख भरली होती. साबणाचा फेस बाजूला सारून लुसुंगूनं बोट फिरवलं. चिरा तिथंच होत्या, दोन्ही, काळसर. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं ओल्या पोरीला छातीशी धरलं आणि ती हुंदके देऊन रडली.

टेम्वानं तिच्या गालावरून हात फिरवला. मग ती उठली, परातीपाशी उकिडवी बसली आणि उलट्या लटकणाऱ्या माशाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई, हा तो नाही ना?"

लुसुंगूनं परातीवर कापड ओढलं.

"बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल," टेम्वा हळूच म्हणाली. "खोलातून वर आलं की पहिल्यांदा कान दुखतात. मग सवय होते."